बडतर्फ कामगाराच्या घराचाही विचार व्हावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

युनियन, संप आणि कामगारकपात यांचे नियम ठरवणारी औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. संपाआधी 14 दिवसांची नोटीस आणि कामगारकपातीसाठी सरकारी परवानगी जिथे लागते त्या कारखान्याच्या कामगारसंख्येची मर्यादा 100 वरून 300 वर जाणे, यांवर बरीच चर्चा झाली. मात्र कारखान्यात युनियन उभी करणाऱ्या माणसाच्या घरी त्या काळात काय होते, हा विषय या चर्चेत कुठेच येत नाही, म्हणून हे पत्र.

माझे वडील ठाण्यातील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मेंटेनन्स मेकॅनिक होते. बिघडलेले मशीन दुरुस्त करायला प्रत्येक खात्यात जावे लागत असल्यामुळे सगळ्या पाळ्यांतील कामगारांशी त्यांची ओळख होती, आणि युनियनच्या सभासदत्वाच्या पावत्या फाडण्याचे काम आपसूकच त्यांच्याकडे आले. पावतीपुस्तके घरी तांदळाच्या डब्यात असत. त्यात कोणाकोणाची नावे आहेत हे व्यवस्थापनाला कळले, तर त्या प्रत्येकाची नोकरी धोक्यात येईल, याची आईला वडिलांपेक्षा जास्त धास्ती होती. पुढे मागणीपत्र दिले गेले, गेट मीटिंगा झाल्या आणि वडिलांच्या हाती चार्जशीट, म्हणजे कंपनीचे आरोपपत्र, पडली; शेवटी ते बडतर्फ झाले.

निलंबनाच्या काळात निर्वाह भत्ता मिळतो: पहिले 90 दिवस निम्मा पगार आणि त्यानंतरही चौकशी लांबली, तर पाऊण पगार. चौकशी संपून कामगार बडतर्फ झाला की तोही थांबतो. कामगार न्यायालयात कामगार जिंकला आणि मालक उच्च न्यायालयात गेला, तर 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम 17ब नुसार शेवटचा पगार सुरू राहण्याची सोय होती. परंतु बडतर्फीपासून त्या पहिल्या निकालापर्यंतच्या काळात घर कसे चालावे, याचे उत्तर कायद्याने कधी दिलेच नाही. तारखांमागून तारखा पडत वर्षे जातात ती नेमकी याच काळात.

आमच्या घरी ती वर्षे आईने ओढली. ती पोळ्या लाटून देई आणि दुपारी ब्लाउज शिवी. थोरल्या भावाने बारावीनंतर शिक्षण सोडून लेथवर काम धरले, आणि हुशार मुलगा वाया गेला असे नातेवाईक वडिलांच्या तोंडावर म्हणत. बहिणीचे एक जमत आलेले स्थळ ‘युनियनवाल्याचे घर आहे’ म्हणून फिरले. वडील कोर्टाच्या तारखा आणि सहकाऱ्यांची प्रकरणे यांतच असत, घरी आले तरी बोलत नसत. भाऊ त्यांच्याशी आजही मोकळेपणाने बोलत नाही. वडिलांनी केलेले काम योग्यच होते, आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पुढे करारात जी वेतनवाढ मिळाली तिच्यामागे ते होते, यात मला शंका नाही. पण त्या वेतनवाढीची किंमत आमच्या घराने मोजली, हेही तितकेच खरे आहे.

मुंबईच्या गिरणगावाला हे नवीन नाही. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि कित्येक घरांचा भार बायकांवर आला. त्याआधी 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवण पुरवणाऱ्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, कारण कामगारांची पोटे याच बायका सांभाळतात आणि त्यांना मात्र कोणी वाली नाही, हे कामगार चळवळीत राहून त्यांनी पाहिले होते. तरीही चळवळीचा इतिहास सांगताना आपण नेते आणि करार यांच्यापुढे फारसे जात नाही.

नव्या संहितेत एकापेक्षा अधिक युनियन असलेल्या कारखान्यात एकमेव वाटाघाटी संघटना, म्हणजे मालकाशी बोलणी करणारी एकच मान्य युनियन, ठरण्यासाठी 51 टक्के कामगारांचा पाठिंबा लागणार आहे, तर महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात मान्यतेसाठी 30 टक्के सभासद पुरत. म्हणजे संघटना बांधणाऱ्या माणसाला अधिक काळ, अधिक उघडपणे काम करावे लागेल आणि त्याच्यावर कारवाई होण्याची शक्यताही वाढेल. निलंबनानंतरची चौकशी साधारणपणे 90 दिवसांत पुरी करण्याची तरतूद संहितेत आहे, ती स्वागतार्ह आहे. तशीच मुदत बडतर्फीच्या दाव्यालाही घालावी आणि निकाल लागेपर्यंत किमान निम्मे वेतन देण्याची दुरुस्ती करावी, ही सरकारला विनंती. कामगार संघटनांनीही वर्गणीतला ठरावीक भाग संघर्ष निधी म्हणून वेगळा ठेवावा आणि बडतर्फ कार्यकर्त्याच्या घरी तो दरमहा, शक्यतो त्याच्या पत्नीच्या खात्यात, जमा करावा.

आपला,
एक वाचक, ठाणे