बँड विकत घेतला आहे, मनगट विकलेले नाही

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : फिटनेस बँडच्या अटी विक्रीनंतर बदलल्याबद्दल आणि माझा 'ताण गुणांक' इतरांना देण्याबद्दल तक्रार

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीचा फिटनेस बँड मी पूर्ण पैसे मोजून घेतला. तो पावले मोजेल, नाडीचे ठोके दाखवेल आणि झोपेची नोंद ठेवेल, असे खोक्यावर छापले होते आणि तो हे सगळे करतही होता. मागच्या अपडेटपासून मात्र ॲप उघडले की पडदाभर नवे गोपनीयता धोरण येते. त्याखाली बटण एकच, 'मान्य आहे'. ते दाबले नाही तर ॲप बंद पडते आणि बँड फक्त वेळ दाखवतो. यावर आपल्या ग्राहक सेवेने कळवले की संमती पूर्णपणे ऐच्छिक आहे. तसे असेल तर नकार कुठे द्यायचा ते दाखवा, मी आत्ता देतो.

धोरण मी शेवटपर्यंत वाचले. माझा सर्वांत मोठा आक्षेप त्यातल्या एका कलमावर आहे. माझा ताण गुणांक आणि झोपेचे विश्लेषण 'विमा, आरोग्य आणि संशोधन क्षेत्रांतील भागीदारांना' दिले जाईल, असे ते कलम म्हणते.

हा गुणांक येतो कुठून? बँडमधला हिरवा प्रकाश त्वचेवर पडतो, रक्ताच्या प्रवाहाबरोबर तो कमीजास्त परावर्तित होतो आणि त्यावरून नाडी मोजली जाते. इथपर्यंत ठीक. हात हलला किंवा पट्टा सैल झाला की चुकते, पण मोजमाप आहे. पुढे आपण दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या चढउतारावरून मला ० ते १०० मध्ये ताण देता. जिना चढलो, अंगात ताप असला किंवा एखादी आनंदाची बातमी आली तरी हृदयाची लय बदलते. बँडला यातले काही कळत नाही. झोपेचेही तेच. प्रयोगशाळेत झोपेचे टप्पे ठरवायला डोक्याला इलेक्ट्रोड लावतात, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण नोंदवतात. आपला बँड मनगटावर बसून माझ्या मेंदूविषयी तर्क करतो आणि सकाळी 'गाढ झोप' मिनिटांत सांगतो. मनगटावर असेपर्यंत या तर्काचे मला वावडे नाही, बघून हसायला बरा असतो. पण विमा कंपनीच्या संगणकात कोणी हसणार नाही. पट्टा कधी सैल होता, मी कधी आजारी होतो, हे तिथे कोणाला ठाऊक नसेल. तिथे तो माझा वैद्यकीय इतिहास असेल. गुणांक कसा काढता, असे विचारले तर उत्तर आले, 'व्यावसायिक गुपित'. म्हणजे माझी नाडी भागीदारांसाठी खुली आणि तुमचे सूत्र तेवढे गुपित!

आपल्या जाहिरातीत 'विज्ञानाधारित' हा शब्द आहे, म्हणून जाता जाता एवढेच. दिवसाला १०,००० पावलांचे जे लक्ष्य बँड मला देतो, तो आकडा कुठल्या प्रयोगशाळेतून नव्हे, तर १९६५ मध्ये जपानात बाजारात आलेल्या एका पावलेमापकाच्या नावातून रूढ झाला. वयस्कर स्त्रियांवरच्या २०१९ च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात मृत्यूचा धोका कमी होत होत सुमारे ७,५०० पावलांपाशी स्थिरावलेला दिसला. लक्ष्य चुकले तर माझे काही बिघडत नाही. पण असा आकडा तपासल्याशिवाय वापरणाऱ्यांच्या गुणांकावर मी विश्वास का ठेवावा?

'नाव काढूनच माहिती दिली जाते, त्यामुळे ओळख पटत नाही', हे आपले दुसरे उत्तर. ते खरे नाही, आणि या व्यवसायात असून आपल्याला हे माहीत नसेल असे वाटत नाही. नावे गाळलेल्या रुग्णालयीन नोंदींतून संशोधक लतान्या स्वीनी यांनी १९९० च्या दशकात मॅसॅच्युसेट्सच्या तत्कालीन राज्यपालांची नोंद शोधून काढली होती. जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभागाचा क्रमांक एवढ्यावर अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसे वेगळी ओळखता येतील, असा त्यांचा हिशेब होता. आपले ॲप नोंदणी करताना सगळ्यात आधी काय विचारते ते एकदा बघा : हेच तिन्ही. २०१३ च्या एका अभ्यासात १५ लाख मोबाइलधारकांच्या नोंदींमधून, ठिकाण आणि वेळ यांच्या केवळ चार जोड्यांवर ९५ टक्के माणसे वेगळी काढता आली. बँडचेच उदाहरण हवे असेल तर धावण्याच्या नोंदी ठेवणारे स्ट्राव्हा हे ॲप. नावे नसलेला धावण्याच्या वाटांचा नकाशा त्यांनी २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध केला आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांना त्यात अफगाणिस्तान आणि सीरियातल्या लष्करी तळांच्या आकृत्या दिसल्या.

'सार्वजनिक हितासाठी शासकीय यंत्रणांना' माहिती देण्याचे कलमही नवे आहे. न्यायालयाचा आदेश असेल तर माझा आक्षेप नाही. पण आपल्या कलमात आदेश, मुदत, ग्राहकाला कळवणे, यातले काहीच नाही. कुठलेही सरकार सार्वजनिक हिताची व्याख्या स्वतःला अडचण होईल अशी करत नाही, आणि गोपनीयतेचे कायदे लिहितानाही सरकारे स्वतःसाठी पळवाट राखून ठेवतात. माझ्या मताशी आपण सहमत असण्याची गरज नाही. माहिती कोणत्या कागदावर दिली जाते, एवढे सांगा. शिवाय युरोपच्या ग्राहकाला २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने संमती जितक्या सहज देता येते तितक्याच सहज काढूनही घेता येते. तिथल्यासाठी ती सोय करू शकणाऱ्या कंपनीला इतरत्र ती तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे, हे उत्तर कृपया पाठवू नका.

माझी मागणी अशी : विकताना सांगितलेल्या सर्व सोयी नव्या अटी न स्वीकारताही चालू ठेवा आणि नोंदी माझ्या फोनमध्येच राहू द्या. आजवर माझी कोणती माहिती कोणाला दिली ते नावानिशी लेखी कळवा, आणि ती तुमच्याकडून व त्यांच्याकडून पुसल्याची खात्री द्या. हे जमणार नसेल तर बँड परत घेऊन पूर्ण रक्कम द्या. पुढच्या खरेदीवरच्या सवलतीचे कूपन नको.

'आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हा यांत्रिक संदेश याआधीच मिळाला आहे. या पत्राला सही करणाऱ्या माणसाकडून पंधरा दिवसांत उत्तर हवे. ते न आल्यास ग्राहक न्यायालयात जाईन.

सोबत : बिलाची प्रत, जुन्या आणि नव्या धोरणाच्या प्रती, 'मान्य आहे' बटणाचा स्क्रीनशॉट, ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार.

आपला,
(ग्राहकाची सही)

ता. क. : सोबतच्या जुन्या धोरणात 'आपली आरोग्यविषयक माहिती आम्ही कधीही कोणालाही देणार नाही' या वाक्याखाली मी रेघ मारली आहे. नव्या धोरणात ते वाक्य नाही. ते कोणी आणि कधी काढले, तेही उत्तरात लिहावे.