इतिहासाच्या प्रकल्पात एक तरी अस्सल साधन असावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचे निकाल लागून अकरावीचे प्रवेश सुरू झाले आहेत आणि ज्या ज्या घरी जावे तिथे शाखा कोणती घ्यायची याचीच चर्चा ऐकू येते. विज्ञान किंवा वाणिज्य शाखेकडे जाणाऱ्या मुलांचा इतिहास हा विषय मार्चमधल्या ४० गुणांच्या ‘इतिहास व राज्यशास्त्र’ या प्रश्नपत्रिकेबरोबर कायमचा सुटला. बहुतेकांसाठी दहावी हेच इतिहासाच्या शिक्षणाचे शेवटचे वर्ष असते, म्हणून त्या वर्षी हा विषय कसा शिकवला जातो याची काळजी मला वाटते. पुण्यात अनेक वर्षे आधी माध्यमिक शाळेत आणि नंतर कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय शिकवल्यामुळे चार शब्द लिहीत आहे.

प्रथम हे सांगायला हवे की, २०१८ साली आलेले दहावीचे पाठ्यपुस्तक मला मनापासून आवडते. सनावळ्यांपासून सुरुवात न करता इतिहास लिहिला कसा जातो, हे मुलांना सांगण्याचे धाडस त्याने केले. पहिल्या दोन प्रकरणांत जर्मन इतिहासकार रांके, फ्रेंच विचारवंत फुको आणि आपले इतिहास संशोधक वि. का. राजवाडे भेटतात, पुढे उपयोजित इतिहास, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन असे विषय येतात. परंतु अस्सल कागदपत्रांवाचून इतिहास लिहू नये असा आग्रह धरणाऱ्या राजवाड्यांचे नाव मुले वाचतात ते ‘चुकीची जोडी ओळखा’ या प्रश्नासाठी. उताऱ्यावर प्रश्न असतो हे खरे, पण तो उताराही बहुधा पाठ्यपुस्तकातलाच असतो. साधने, म्हणजे इतिहासाचे मूळ पुरावे, तपासावीत असे पाठ करणारा विद्यार्थी एकही साधन न तपासता उत्तीर्ण होतो.

याला उपाय आहे आणि तो खर्चिक नाही, हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी अकरावीच्या वर्गाला मी १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुरावर प्रकल्प दिला. अट एवढीच होती की, प्रत्येकाने पूर पाहिलेल्या एका व्यक्तीची मुलाखत घ्यावी, त्या आठवड्यातले एक वृत्तपत्र ग्रंथालयात जाऊन वाचावे आणि दोन्हींत कुठे फरक पडतो ते लिहावे. फरक पुष्कळ पडले. कोणाच्या आजी सांगत की पाणी सकाळी नऊ-दहालाच दारात आले, तर कोणाचे आजोबा दुपारवर ठाम. वर्गाने सुरुवातीला एकाला खरे आणि दुसऱ्याला विसराळू ठरवून टाकले. मग कोण नदीपासून किती दूर राहत होते आणि घर किती उंचावर होते हे नकाशावर मांडले, पानशेत सकाळी फुटले व त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरण दुपारी फुटले हा क्रम शेजारी लिहिला, आणि दोघेही आपापल्या उंबऱ्यावरून खरेच सांगत होते हे मुलांच्या ध्यानात आले. गोखलेनगरात राहणाऱ्या एका मुलाला आपली वस्ती पूरग्रस्तांच्या पुनर्वसनातून उभी राहिली हे त्या महिन्यात प्रथमच समजले. स्मृती, बातमी आणि सरकारी अहवाल यांचे वजन वेगवेगळे असते, हे मी वर्षभर फळ्यावर लिहूनही जेवढे शिकवू शकलो नसतो तेवढे ती मुले शिकली.

पुढच्या वर्षी मात्र, यात वेळ जातो आणि अभ्यासक्रम मागे पडतो, या कारणास्तव मला तो प्रकल्प थांबवायला सांगण्यात आले. त्याच्या जागी इंटरनेटवरून उतरवून, चित्रे चिकटवून सजवलेल्या वह्या आल्या. अकरावी-बारावीला ८० गुणांच्या लेखी परीक्षेबरोबर २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते. हे २० गुण अशा वह्यांवर वाटले जातात याचे मला आजही वाईट वाटते.

पुण्यासारख्या शहरात तर हे घडायलाच नको. राजवाड्यांनी १९१० साली स्थापन केलेले भारत इतिहास संशोधक मंडळ इथेच आहे. पेशवे दफ्तरातले मोडी कागदांचे हजारो रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) इथल्या पुराभिलेखागारात ठेवलेले आहेत. बारावीच्या मुलाला मोडी वाचता यावी अशी माझी अपेक्षा नाही. पण एका मोडी पत्राची छायाप्रत आणि तिचे बाळबोध लिप्यंतर शेजारी ठेवून, हे पत्र कोणी, कोणाला, कशासाठी लिहिले आणि लिहिणाऱ्याने काय सांगायचे टाळले असावे, एवढे तरी त्याला विचारता येईल. (कागद प्रत्यक्ष पाहताना वर्ग किती शांत होतो, हे ज्याने एकदा अनुभवले आहे त्याला अधिक सांगावे लागणार नाही.)

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्याचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलत आहे. या बदलात राज्य मंडळाने आणि बालभारतीने दहावी व बारावीच्या इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत पाठ्यपुस्तकाबाहेरच्या एका अस्सल साधनावर एक प्रश्न सक्तीचा करावा, आणि अंतर्गत गुण देताना विद्यार्थ्याने स्वतः मिळवलेले एक तरी साधन वहीत असल्याखेरीज प्रकल्प स्वीकारू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. शिक्षकांना त्यासाठी आठवड्याची एक तासिका मोकळी द्यावी लागेल. तेवढी तडजोड वेळापत्रकात नक्कीच करता येते.

राज्य मंडळाचा निर्णय व्हायचा तेव्हा होवो, पण पुण्यातल्या इतिहास शिक्षकांनी निदान पानशेतचे काम या वर्षीच हाती घ्यावे. त्या दिवशी दहा वर्षांचे असलेले मूल आज ७५ च्या आसपास आहे, आणि माझ्या त्या वर्गाला मुलाखती देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे आता हयात नाहीत.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
नारायण पेठ, पुणे