चार्ल्सच्या लघुचित्राखाली त्याचा कारभारही हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचे लघुचित्र छापून त्याखाली ‘हुतात्मा राजा’ एवढीच ओळ दिली होती. ही उपाधी त्याच्या पक्षातील लोकांनी रूढ केली, हे वाचकाला कळायला हवे होते.

तळहातावर मावणारी ही चित्रे कातड्याच्या तलम पानावर जलरंगांनी काढत आणि मागून बहुधा खेळातला पत्ता चिकटवत. चित्रकार जॉन हॉस्किन्सने चार्ल्सची अशी चित्रे रंगवली आहेत. राजाला चित्रांची मनापासून आवड होती. त्याच्या संग्रहाची देखभाल करणाऱ्या अब्राहम व्हॅन डर डूर्टने तर आपल्या हातून राजाच्या संग्रहातले एक लघुचित्र गहाळ झाले या धास्तीने १६४० मध्ये जीव दिला, असे सांगतात.

पण इतक्या नाजूक वस्तूंची पारख असलेल्या या राजाला प्रजेचे मन मात्र ओळखता आले नाही. संसदेच्या संमतीवाचून कर घेणार नाही, हे १६२८ मध्ये मान्य करूनही त्याने पुढच्याच वर्षापासून ११ वर्षे संसद भरवलीच नाही आणि किनाऱ्यावरील गावांनी युद्धकाळात द्यायची जहाजपट्टी शांततेच्या काळात देशाच्या आतल्या भागांवरही लादली. स्कॉटलंडवर १६३७ मध्ये नवी प्रार्थनापोथी लादल्याने तिथे बंड पेटले. ४ जानेवारी १६४२ रोजी तो सशस्त्र माणसे घेऊन पाच सदस्यांना पकडायला स्वतः संसदेत गेला. ते आधीच निसटले होते. त्याच वर्षी राजा आणि संसद यांच्यात यादवी सुरू झाली.

तीत हरल्यावर ३० जानेवारी १६४९ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यासमोर त्याचा शिरच्छेद झाला. थंडीने अंग कापले तर लोक ते भय समजतील, म्हणून त्याने त्या दिवशी दोन सदरे घातले होते. त्याच्या या धैर्याबद्दल माझ्या मनात आदर आहे, आणि नंतर ज्यांनी त्याची चिमुकली चित्रे अंगठीत किंवा लॉकेटमध्ये दडवून जपली, त्यांच्या निष्ठेबद्दलही. मात्र ती चित्रे निष्ठावंतांनी निष्ठावंतांसाठी जपलेली होती. हॉस्किन्सचाच भाचा सॅम्युअल कूपर याने रंगवलेले, संसदेच्या बाजूने लढलेल्या ऑलिव्हर क्रॉमवेल या सेनानीचे लघुचित्र शेजारी छापले असते, तर त्या झगड्याची दुसरी बाजूही दिसली असती. पुढील अंकात निदान वरील सनावळी तरी द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक