जुन्या फटफट्यांचं मासिक हवंच, पण नुसता फोटोंचा अल्बम नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या मराठी माणसांच्या छंदांवर लेख होता, त्यात जुन्या अमेरिकन मोटारसायकलींवर इथे अमेरिकेत सुरू होणाऱ्या नव्या त्रैमासिकाबद्दल चार ओळी होत्या. त्यावर एका वाचकांचं पत्र आलं की सगळं मोबाइलवर मिळत असताना कागदावर मासिक काढणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं. मी मिलवॉकीला राहते आणि हे त्रैमासिक काढणाऱ्या आम्हा आठ जणांपैकी एक आहे, म्हणून राहवलं नाही.

माझे बाबा कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर होते. इंजिन बिघडलं की लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. इथे आल्यावर सहा वर्षांपूर्वी शेजारच्या गॅरेजमध्ये ऐंशी पार केलेले एक आजोबा अगदी तस्सेच उभे दिसले, समोर 1942 ची हार्ली डब्ल्यूएलए मोटारसायकल, आणि मी रस्त्यातच थांबले. तेव्हापासून दर शनिवार सकाळ त्यांच्याकडे.

ही गाडी म्हणजे महायुद्धासाठी बनवलेली, कॅनडाच्या सैन्याच्या धरून अशा 90 हजारांच्या आसपास निघाल्या. क्लच पायात, गिअर टाकीच्या बाजूला हाताने टाकायचा, उजव्या मुठीत रेस आणि डाव्या मुठीने स्पार्क पुढेमागे, म्हणजे ठिणगी लवकर किंवा उशिरा पडेल असा, करायचा. आता ही डावी मूठ नेमकी किती फिरवायची हे इंजिन गार आहे का गरम, कार्बोरेटर कसा सेट केलाय, यावर ठरतं आणि ते पुस्तक वाचून कळत नाही. पहिल्या महिन्यात माझ्याकडून स्पार्क फार पुढे राहिला आणि किक अशी उलटी आली की घोटा सुजून आठ दिवस लंगडत होते. आजोबांनी मग माझा हात धरून मूठ फिरवून दाखवली, म्हणाले, इथे थोडंसं जड लागतं बघ, गार इंजिनला या जागेच्या अलीकडेच थांबायचं. पॉइंटचा (ठिणगी पाडणाऱ्या स्विचचा) गॅप 0.022 इंच हे मॅन्युअलमध्ये छापलेलं आहे, पण ते थोडंसं जड लागणं कुठेच छापलेलं नाही. मला मासिक हवंय ते यासाठी.

आमच्यातही यावर वाद चालू आहे हे मोकळेपणाने सांगते. काहींचं म्हणणं, चकचकीत कागद, क्रोमचे मोठे मोठे फोटो, लिलावातल्या किमती, म्हणजे जाहिराती मिळतील. फोटो मलाही आवडतात, 1936 च्या हार्लीच्या इंजिनला नकलहेड का म्हणतात हे फोटो बघितल्याशिवाय कळायचं नाही (रॉकरवरची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांवरची, झाकणं मूठ आवळल्यावर वर येणाऱ्या हाडांसारखी दिसतात म्हणून). पण अर्धी पानं तरी हाताने काढलेल्या आकृत्या, मापं आणि म्हाताऱ्या मेकॅनिकांचं बोलणं जसंच्या तसं, यासाठी ठेवा असा माझा हट्ट आहे. आयोवातल्या अॅनामोसाचं नॅशनल मोटारसायकल म्युझियम 2023 मध्ये बंद पडलं, गाड्या लिलावात गेल्या. गाड्या कुठे ना कुठे राहतील हो, पैसेवाले लोक सांभाळतात, पण त्या चालू ठेवणारी माणसं एकेक करून जातायत, आमच्या शनिवारच्या चहाला पूर्वी सहा जण असायचे आता तिघंच आहेत.

आणि अमेरिकन म्हटलं की लोकांना फक्त हार्ली माहीत. स्प्रिंगफील्डची इंडियन कंपनी 1901 सालची, 1911 ला आइल ऑफ मॅनच्या सीनियर टीटी शर्यतीत पहिले तिन्ही नंबर तिचे, आणि 1953 ला कारखाना बंद. डेट्रॉइटची हेंडरसन, एका ओळीत चार सिलिंडर, तिच्यावरून 1912-13 मध्ये कार्ल क्लॅन्सी या माणसाने जगाची फेरी मारली, 1931 ला तीही संपली. व्हॅन ब्यूरेन बहिणी ऑगस्टा आणि अॅडलिन, दोघींनी 1916 मध्ये दोन इंडियन काढल्या आणि न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियापर्यंत गेल्या, बायकाही लष्कराचे निरोप पोचवायचं काम करू शकतात हे दाखवायला. वाटेत त्यांना अटक झाली ती पुरुषी कपडे घातले म्हणून! तरी पुढे अॅडलिनने अर्ज केला तेव्हा सैन्याने तिला घेतलं नाहीच. पहिल्या अंकात या दोघींवर मी लिहितेय आणि त्यासाठी रात्री जागवतेय.

कागदच का, तर गॅरेजमध्ये हात ऑइलने माखलेले असतात, फोनला बोट लागत नाही, स्क्रीन विझते. आजोबांच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांनी पेन्सिलने काढलेला वायरिंगचा कागद अजून खिळ्याला टांगलेला आहे, काळा पडलाय पण वाचता येतो.

शेवटी एक विनंती, खरं तर हे पत्र त्यासाठीच. महायुद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या हार्ली दिल्लीत तीनचाकी करून सवाऱ्या न्यायला वापरल्या, फटफट सेवा म्हणायचे, नव्वदच्या दशकापर्यंत त्या चालत होत्या. मी हे आजोबांना सांगितलं तर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि विचारलं, इतकी वर्षं पार्ट कुठून आणले, पिस्टन कुणी बनवले, गिअर कसे टिकवले? मला काही सांगता आलं नाही. शोधलं पण त्या मिस्त्रींचं काम कुणी लिहून ठेवलेलं मला तरी सापडलं नाही. आपल्या वाचकांपैकी कुणाचे वडील, आजोबा, मामा त्या गाड्यांवर किंवा लष्कराच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जुन्या हार्लीवर काम करत असतील तर त्यांना विचारून चार ओळी लिहा, मराठीतच लिहा, भाषांतर मी करते. कुठला पार्ट कशापासून बनवला एवढं कळलं तरी खूप. पत्रं आपल्या कार्यालयात आली तर माझ्याकडे पाठवावीत ही विनंती, पोस्टाचा खर्च मी देईन. दुसऱ्या अंकात त्यासाठी सहा पानं राखून ठेवली आहेत.

आपली वाचक,
मिलवॉकी (मूळ गाव कोल्हापूर)