पौलाचा रोमप्रवास: ते भाकीत नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिल्या शतकातला ख्रिस्ती धर्मप्रचारक प्रेषित पौल याच्या रोमप्रवासावर वृत्तपत्रांतून आणि दिवाळी अंकांतून अधूनमधून लेख येतात. त्यांतल्या बहुतेकांचा सांगाडा एकच असतो: पौलाने वादळाचे भाकीत केले, कोणी ऐकले नाही, गलबत फुटले आणि भाकीत खरे ठरले. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा 27 वा अध्याय नीट वाचला तर हा सांगाडा टिकत नाही. क्रेत बेटाच्या ‘सुंदर बंदर’ या ठिकाणी पौल म्हणतो की पुढे गेल्यास मालाचे, गलबताचे आणि आपल्या जिवांचेही नुकसान होईल (27:10). प्रत्यक्षात माल गेला, गलबत गेले, पण 276 माणसांपैकी एकही दगावला नाही. हे दैवी भाकीत मानले तर ते निम्मे चुकले असे म्हणावे लागेल. देवदूताचा निरोप पौल पुढे, वादळाच्या मध्यावर सांगतो (27:23-24), आणि त्यात सगळ्यांचे प्राण वाचतील असे स्पष्ट आहे. या पुस्तकाचा लेखक लूक याने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. लेखकांनीही त्या वेगळ्याच ठेवायला हव्यात.

सुंदर बंदरातला इशारा हा अनुभवी प्रवाशाचा अंदाज होता. करिंथकरांना दुसरे पत्र लिहिताना, म्हणजे या प्रवासाच्या आधीच, पौल तीन वेळा तारू फुटल्याचे आणि एक दिवस-रात्र समुद्रात काढल्याचे नमूद करतो (11:25). शिवाय लूकने तारखेचा पुरावा दिला आहे: ‘उपासाचा दिवस होऊन गेला होता.’ हा उपास म्हणजे यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस, तिश्री महिन्याची दहावी तिथी. चांद्र पंचांगामुळे तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुढेमागे सरकतो. प्रवासाचे वर्ष इ.स. 59 धरले, आणि बरेच अभ्यासक तेच धरतात, तर तो 5 ऑक्टोबरच्या सुमारास येतो. रोमन लेखक वेजेशियसने दिलेल्या वेळापत्रकानुसार 14 सप्टेंबरनंतर सागरप्रवास धोक्याचा आणि 11 नोव्हेंबर ते 10 मार्च समुद्र बंद. थंडीपेक्षा ढगांची अडचण मोठी होती. होकायंत्र नसताना दिशा कळायची ती सूर्य-ताऱ्यांवरून, आणि तेच दिसेनासे झाले की तांडेल आंधळा. पुढे अध्यायात नेमके हेच घडते: ‘बरेच दिवस सूर्य व तारे दिसले नाहीत.’

मग पौलाला रोमला नेणारा रोमन सैन्याधिकारी, शताधिपती युल्य, याने पौलाचे न ऐकता तांडेल आणि गलबताचा मालक यांचे का ऐकले? सुंदर बंदर हिवाळा काढायला सोयीचे नव्हते. त्याच बेटावरचे फेनिके बंदर अधिक सुरक्षित होते आणि तिथवर पोहोचण्यापुरतीच जोखीम घ्यायची होती. हा निर्णय मूर्खपणाचा नव्हता. त्यातच हे गलबत आलेक्सांद्रियाचे, गव्हाने भरलेले. रोम शहर मिसरच्या (इजिप्तच्या) धान्यावर जगत होते. क्लौद्य कैसराने (रोमन सम्राटाने) दुष्काळानंतर हिवाळ्यात धान्य आणणाऱ्यांना वादळातल्या नुकसानीची भरपाई देऊ केली होती, असे रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो. उन्हाळ्यात भूमध्य समुद्रावर वायव्येचे वारे वाहतात, त्यामुळे मिसरहून इटलीकडे सरळ जाता येत नसे. गलबते आधी उत्तरेला लुक्याच्या (आजच्या तुर्कस्तानच्या) किनाऱ्याकडे जात आणि मग बेटांच्या आडोशाने पश्चिमेला सरकत. तिथल्या मुर्या बंदरात युल्याला इटलीला निघालेले तारू आयते मिळाले ते या व्यापारी मार्गामुळे. 276 हा आकडा वाचून शंका घेणाऱ्यांनी इतिहासकार जोसिफसचे आत्मचरित्र पाहावे. काही वर्षांनी तोही रोमला जाताना याच समुद्रात बुडता बुडता वाचला, आणि त्याच्या गलबतावर सुमारे 600 माणसे होती.

पौल या गलबतावर कैदी म्हणून होता, हेही पुष्कळदा विसरले जाते. नकाशांवर या प्रवासाला ‘चौथा सुवार्ताप्रवास’ म्हटलेले दिसते, ते दिशाभूल करणारे आहे. प्रकरण सुरू झाले यरुशलेमच्या मंदिरात. पौलाने त्रफिम या इफिसकर परजातीय (यहुदी नसलेल्या) माणसाला आतल्या अंगणात आणले, असा आरोप झाला. हा आरोप किती गंभीर होता ते 1871 मध्ये सापडलेल्या ग्रीक शिलालेखावरून कळते: कठड्याच्या आत शिरणारा परका आपल्या मरणाला स्वतःच जबाबदार राहील, असा तो इशारा आहे. पुढे कैसरियात दोन वर्षे कैद, रोमन सुभेदार फेलिक्सच्या जागी फेस्त, खटला पुन्हा यरुशलेमला नेण्याचा घाट, आणि त्यावर रोमन नागरिक म्हणून पौलाची कैसराकडे दाद. ही दाद एकदा मान्य झाली की सुभेदाराचे हात बांधले जात. कैसराकडे दाद मागितली नसती तर याला सोडता आले असते, असे अग्रिप्पा राजा म्हणतो, ते यामुळेच.

वादळातले वर्णन इतके तपशीलवार आहे की त्यावरून गलबताची हालचाल मांडता येते. क्रेतच्या डोंगरांवरून ईशान्येचा झंझावात सुटला आणि गलबत कौदा बेटाच्या आडोशाला गेले. तिथे मिळालेल्या थोड्या उसंतीत खलाशांनी मागे ओढली जाणारी होडी वर घेतली आणि दोरखंडांनी गलबत आवळले. लाटांच्या ताणाने फळ्यांचे सांधे सुटू नयेत म्हणून हा उपाय. भीती होती आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सुर्तीच्या वाळूची. वाऱ्यापुढे मुकाट वाहत गेले असते तर गलबत तिथेच रुतले असते, म्हणून नाळ (गलबताचे पुढचे टोक) उत्तरेकडे ठेवून ते आडवे सरकू दिले असणार. तासाला दीड सागरी मैल असा वेग धरला तर तेरा दिवसांत सुमारे 470 मैल होतात, आणि कौदा ते माल्टा, म्हणजे गलबत शेवटी जिथे फुटले ते बेट, हे अंतर जवळपास तितकेच आहे. ‘चौदाव्या रात्री’ जमीन जवळ आल्याचा संशय येतो, तो हिशेबात बसतो.

खोली मोजायची बुडीद (वजन बांधलेली दोरी) टाकल्यावर आधी वीस वाव, मग पंधरा वाव पाणी लागले, म्हणजे साधारण 37 आणि 28 मीटर. चार नांगर मागच्या बाजूने टाकले, हा मुद्दा चित्रकार हमखास चुकवतात. पुढून टाकले असते तर गलबत फिरून त्याचे तोंड वाऱ्याकडे झाले असते. मागून टाकल्यामुळे नाळ किनाऱ्याकडेच राहिली, आणि उजाडताच नांगर तोडून, सुकाण्यांची बंधने सैल करून, पुढचे शीड उभारून सरळ किनारा गाठण्याची सोय झाली. सुकाणीही दोन, मागच्या दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारखी. चित्रांत दिसणारे एकच बिजागरीचे सुकाणू कितीतरी शतकांनंतरचे.

धार्मिक बाजूने पाहता, लूकच्या यहुदी वाचकांना इथे जुन्या करारातला संदेष्टा योना आठवल्यावाचून राहिला नसेल. तोही पश्चिमेच्या प्रवासात होता, तिथेही माल समुद्रात टाकला गेला. पण योना देवाने सांगितलेल्या कामापासून पळत होता आणि त्याच्यामुळे सगळे संकटात आले; पौल नेमलेल्या ठिकाणी चालला होता आणि त्याच्यामुळे सगळे वाचले. पहाटे तो भाकर घेतो, देवाचे आभार मानतो, ती मोडतो आणि खाऊ लागतो. हा यहुदी जेवणाचा नेहमीचा क्रम आहे आणि येशूच्या शेवटच्या भोजनाचे शब्दही हेच आहेत. इथे प्रभुभोजन (त्या भोजनाच्या स्मरणाचा ख्रिस्ती विधी) झाले असे मला वाटत नाही, कारण बहुतेक प्रवासी परधर्मीय होते. परंतु लूकने शब्द सहज निवडले असतील, हेही पटत नाही.

शेवटी नकाशाबद्दल एक विनंती. ‘अद्रिया’ या नावाखाली तेव्हा क्रेत आणि सिसिलीच्या दरम्यानचा समुद्रही येई. आजच्या एड्रियाटिकपुरते ते नाव धरल्यामुळे काहींनी हे गलबत थेट डाल्मेशियाच्या किनाऱ्याला नेऊन लावले आहे. नकाशा छापताना कौदापर्यंतची रेघ सलग काढावी आणि तिथून माल्टापर्यंतची तुटक, म्हणजे एवढ्या टप्प्यात गलबत हाकले जात नव्हते, वाहत होते, हे वाचकाला दिसेल. इटलीतल्या पुत्युल बंदरानंतर रेघ खुष्कीने अप्पियाच्या रस्त्यावर न्यावी आणि रोमच्या अलीकडे सुमारे 64 किलोमीटरवर अप्पियाची पेठ व 49 किलोमीटरवर तीन उतारशाळा ही ठिकाणे अवश्य दाखवावीत. पौलाला भेटायला रोमचे बंधुजन तिथवर चालत आले होते.

आपला,
एक अभ्यासक वाचक