काचबिंदूचा ड्रॉप म्हणजे पण औषधच, ते डॉक्टरांना सांगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बीपी, शुगर, हार्ट यावर पेपरात बरंच वाचायला मिळतं, पण काचबिंदूचे ड्रॉप्स नीट कसे घालायचे आणि त्यात काय सांभाळायचं यावर काही वाचल्याचं मला तरी आठवत नाही. आमच्या घरी जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नये म्हणून हे पत्र.

माझ्या आईला काचबिंदू आहे. निदान झालं तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, दमा वगैरे आहे का. आई म्हणाली नाही. ती खोटं बोलली नव्हती, तिला लहानपणी दमा होता पण पुढे कित्येक वर्षं काही त्रासच नाही त्यामुळे तिच्या लेखी तो विषय संपलेला. मग टिमोलोलचा ड्रॉप सुरू झाला, सकाळ संध्याकाळ एकेक थेंब. थोड्या दिवसांनी तिला जिना चढताना धाप लागायला लागली, रात्री खोकला, छातीत घरघर. आम्ही म्हटलं वय झालं. नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी विचारलं औषधं कुठली चालू आहेत, आईने बीपीची गोळी सांगितली आणि गप्प बसली. मी शेजारीच होते, माझ्याही डोक्यात ड्रॉप आला नाही. ड्रॉपला कोण औषध म्हणतं हो! श्वासातून औषध ओढायचा पंप सुरू झाला, थोडं बरं वाटायचं, परत तेच. एकदा तपासणीच्या वेळी पर्समधून चष्मा काढताना ती छोटी बाटली टेबलावर पडली आणि डॉक्टरांनी नाव वाचून विचारलं, हे कधीपासून? त्यांनी तिथूनच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, ड्रॉप बदलला, आणि हळूहळू आईचा श्वास मोकळा झाला.

नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मला आधी अजिबात माहीत नव्हतं. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात पापणीला बारीक छिद्रं असतात, तिथून अश्रू नाकात उतरतात, म्हणून तर रडलं की नाक वाहतं. ड्रॉपचं औषधही त्याच वाटेने नाकात जातं आणि तिथून सरळ रक्तात. गोळी पोटातून लिव्हरमध्ये जाते, तिथे तिचा बराच भाग मोडला जातो, ड्रॉपच्या बाबतीत तसं होत नाही. टिमोलोल हे बीटा ब्लॉकर जातीचं औषध, म्हणजे बीपी आणि हार्टसाठी ज्या जातीच्या गोळ्या देतात तीच जात. दमा असलेल्याची श्वासनलिका त्याने आवळते, ज्यांचे ठोके आधीच कमी पडतात त्यांचे आणखी कमी होऊ शकतात. औषध काही नवीन नाही, अमेरिकेत १९७८ सालीच त्याला मंजुरी मिळाली, आणि ज्यांना चालतं त्यांच्या डोळ्याचं प्रेशर ते छान उतरवतं. फक्त दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट, धाप लागणारा आजार), मंद ठोके यातलं काही आत्ता असेल किंवा कधी काळी होतं, अगदी लहानपणी, तरी सांगायचं. आणि हो, आजकाल एकाच बाटलीत दोन औषधं एकत्र येतात, त्यात दुसरं बऱ्याचदा टिमोलोलच असतं पण मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं, तेव्हा खालची बारीक अक्षरं वाचा.

पण कृपा करून हे वाचून कुणी आपल्या मनाने ड्रॉप बंद करू नका. काचबिंदूत बहुधा डोळ्याच्या आतलं प्रेशर वाढून डोळ्याची नस हळूहळू मरत जाते, बहुतेकांना ना दुखतं ना काही कळतं, आणि गेलेली नजर कुठल्याही औषधाने परत येत नाही. ड्रॉप घातला म्हणून जास्त दिसायला लागत नाही, त्यामुळे माणसाला वाटतं याचा उपयोगच काय. उपयोग हाच की आहे ती नजर टिकावी. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगून बदलून घ्या, दुसरी औषधं आहेत की. लॅटानोप्रोस्ट बहुधा रात्री एकदाच घालायचं असतं, त्याने डोळे लाल होतात, पापण्यांचे केस वाढतात, बुबुळाचा रंग गडद होऊ शकतो. ब्रिमोनिडिनने तोंड कोरडं पडतं, झोप येते, आणि ती बाटली लहान मुलांच्या हाती अजिबात लागू देऊ नका, तान्ह्या बाळांना ते फार धोक्याचं आहे.

आता घालायची पद्धत, कारण आम्ही तीही चुकत होतो. हात धुवायचे, मान मागे, खालची पापणी ओढून खोबण करायची, त्यात एक थेंब. एकच! डोळ्यात साधारण ३० मायक्रोलिटर मावतं आणि थेंबच ३० ते ५० चा असतो, दुसरा थेंब गालावरच जातो. बाटलीचं टोक डोळ्याला किंवा बोटाला लागू द्यायचं नाही. मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. एवढ्या साध्या गोष्टीने नाकात उतरणारं औषध पुष्कळ कमी होतं, आणि हेच आम्हाला आधी माहीत नव्हतं याचं मला अजून वाईट वाटतं. दोन वेगळे ड्रॉप असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढून, आणि परत घालायला पंधरा मिनिटं थांबून. हात थरथरत असेल तर घरच्यांनी घालून द्यावं, त्यात लाज कसली. एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घाला, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर राहू द्या, भरपाई म्हणून दोनदा घालू नका. बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहा, बहुतेक ड्रॉप्स चार आठवड्यांनी टाकून द्यायचे असतात, काहींची मुदत वेगळी असते ते खोक्यावर बघा.

अजून एक, डोळे चुरचुरले म्हणून घरात पडलेला दुसऱ्याचा ड्रॉप घालतात ना लोक, त्यात स्टेरॉइड असेल आणि तो बरेच दिवस घातला गेला तर त्यानेच डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो. आणि आईवडील, भाऊबहीण यातल्या कुणाला काचबिंदू असेल तर आपलीही तपासणी करून घ्यावी, मी नुकतीच केली.

पत्र मोठं झालंय याची कल्पना आहे. जागा कमी असेल तर बाकीचं कापा, पण दम्याचं आणि डोळ्याचा कोपरा दाबायचं तेवढं मात्र नक्की छापा.

आपली,
एक वाचक