टाइप नावाला नसतो, मूल्याला असतो

महोदय,

‘पायथन या प्रोग्रामिंग भाषेत डेटा टाइपची (म्हणजे मूल्य संख्या आहे, मजकूर आहे की आणखी काही, याची) भानगड नाही’ असे शिकवताना सर्रास सांगितले जाते. हे साफ चूक आहे. टाइप असतोच; फक्त तो व्हेरिएबलच्या, म्हणजे मूल्याला दिलेल्या, नावाला चिकटलेला नसतो, मूल्याला असतो. म्हणून एकच नाव आधी पूर्णांकाला आणि पुढच्याच ओळीत एखाद्या लिस्टला (मूल्यांच्या यादीला) देता येते. सी किंवा जावा या भाषांचा कंपायलर (प्रोग्राम चालवण्याआधी तो भाषांतरित करणारे साधन) असला घोळ आधीच अडवतो. पायथनमध्ये टाइपची चूक असलेली ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत काही कळत नाही.

खरी फसगत इनपुटपाशी होते. पायथन ३ मधले इनपुट फंक्शन, म्हणजे वापरणाऱ्याकडून मूल्य घेणारी आज्ञा, नेहमी स्ट्रिंगच (अक्षरांची माळ) देते. कोणी १० लिहिले तरी हाती येतात ती दोन अक्षरे. त्यात ५ मिळवायला गेलात तर टाइपएरर (टाइप न जुळल्याची चूक) येतो, आणि हे बरेच आहे, कारण चूक दिसते. पण ३ ने गुणलेत तर तक्रार न होता ‘१०१०१०’ मिळते! तुलनेत ‘१०’ हे ‘९’ पेक्षा लहान ठरते, कारण स्ट्रिंगची तुलना पहिल्या अक्षरापासून होते. सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या नोंदींच्या मजकुरातून) वाचलेले गुण उलटसुलट क्रमाने लागतात ते यामुळेच.

म्हणून मूल्य प्रोग्राममध्ये शिरते तिथेच इंट (पूर्णांक) किंवा फ्लोट (दशांश संख्या) करून घ्यावे. (इंटला देवनागरी अंकांची स्ट्रिंगही चालते.) ‘१२.५’ दिल्यास इंट व्हॅल्यूएरर (मूल्य चालत नसल्याची चूक) देते; तो तिथल्या तिथे पकडावा. ‘फॉल्स’ (खोटे) हा मजकूर बूलमधून, म्हणजे खरे-खोटे ठरवणाऱ्या फंक्शनमधून, काढू नये, उत्तर ट्रू (खरे) येते. रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग ट्रूच. शून्याने सुरू होणारे कोड क्रमांक मात्र स्ट्रिंगच राहू द्यावेत, नाहीतर पुढचे शून्य गळते. पैशांच्या हिशेबात फ्लोट नको: ०.१ अधिक ०.२ म्हणजे ०.३०००००००००००००००४ निघते. त्याऐवजी डेसिमल हा अचूक दशांशाचा टाइप वापरावा, आणि त्यालाही ०.१ स्ट्रिंग म्हणून द्यावे, नाहीतर फ्लोटची चूक तशीच आत जाते.

डायनॅमिक (टाइप प्रोग्राम चालताना ठरणारी) भाषा म्हणजे ढिसाळ, हा आणखी एक गैरसमज. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेत ‘५’ ही स्ट्रिंग अधिक ३ केले की ‘५३’ आणि ‘५’ वजा ३ केले की २ मिळतात. पायथन या दोन्हींना नकार देते. दोन्ही भाषा डायनॅमिकच.

२०१५ मध्ये पायथन ३.५ सोबत टाइप हिंट (नावापुढे अपेक्षित टाइप लिहून ठेवण्याची सोय) आले. ते जरूर लिहावेत. पण प्रोग्राम चालताना पायथन ते तपासत नाही. त्यासाठी मायपायसारखे टाइप तपासणारे साधन वेगळे चालवावे लागते, आणि अभ्यासक्रमांतून नेमके हेच सांगायचे राहून जाते.

– एक संगणक शिक्षक